अलास्कात बोटीनं ग्लेशियर बघायला जाताय? मग हे वाचा

मुलं अमेरिकेत आहेत म्हणून आपल्या साताऱ्यातनं बरेच आईबाबा उन्हाळ्यात तिकडं जातात, त्यात अलास्काचा प्लॅन असेल तर सीवर्ड बंदरातनं सुटणारी दिवसभराची बोट अजिबात चुकवू नका. अँकरेज शहरापासून सीवर्ड साधारण 200 किमी, गाडीनं अडीच तास, रेल्वेपण आहे पण तिला चार तासांच्या वर लागतात.

बोट बुक करताना घाई नको. चार तासांची स्वस्त पडते पण ती खाडीतल्या खाडीत फिरून येते, समुद्रात उतरलेला ग्लेशियर जवळनं बघायला मिळत नाही. सहा तासांची घ्या, ती केनाई फ्योर्ड्स नॅशनल पार्कात पार आतपर्यंत जाते. जून-जुलै बेस्ट, तेव्हा पफिन पक्षी कड्यांवर असतात, सप्टेंबर लागला की ते निघून जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उलटीची गोळी. डॉक्टरांना विचारून घरनंच न्या आणि बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. आमच्या आईला बामणोलीच्या लाँचची सवय, तिला वाटलं तसंच असणार, नको म्हणाली. पण कोयना धरणाचा शिवसागर वेगळा आणि मोकळा समुद्र वेगळा. खाडी संपली आणि लाटा सुरू झाल्या, ओर्का (किलर व्हेल) दिसले तेव्हा ती पिशवी धरून आत बसलेली, मला अजून वाईट वाटतं.

कपडे महाबळेश्वरच्या जानेवारीसारखे, वरनं वाऱ्या-पावसाचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. दुर्बीण न्याच. सी ऑटर, म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, पाण्यावर उताणा पडून पोटावर शिंपला ठेवून खात असतो, ते नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते.

ग्लेशियरसमोर इंजिन मंद करतात, तेव्हा आत बसू नका आणि बोलू नका. बर्फ निळा दिसतो, कारण दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ लाल उजेड पिऊन टाकतो. मोठा तुकडा सुटतो तेव्हा आधी नुसता पडताना दिसतो, आवाज मागनं येतो, वळवाच्या आभाळासारखा. तिथं पाणी शांत असतं म्हणून आईपण उठून बाहेर आली, डोक्यावरनं शाल घेऊन रेलिंगला उभी राहिली, आणि बोट परत वळली तरी आत यायला तयार नव्हती.