शर्यतीच्या मोटारसायकलची चेन: माझा अनुभव

शर्यतीसाठी तयार केलेल्या माझ्या मोटारसायकलला मूळची ५२५ मापाची चेन होती. वजन कमी व्हावे म्हणून मी नाना पेठेतून ५२० ची नुसती चेन आणली आणि ती मागच्या स्प्रॉकेटवर (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकावर) बसेचना. दोन्हींचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर) १५.८७५ मिलिमीटरच असला, तरी आतली रुंदी ५२० ची ६.३५ आणि ५२५ ची ७.९४ मिलिमीटर असते, त्यामुळे जुन्या स्प्रॉकेटचे जाड दात नव्या कड्यांत शिरणे शक्यच नव्हते, हे कॅलिपरने मापे घेतल्यावर ध्यानात आले. (दुकानदाराने 'पूर्ण चेनसेटच न्या' असे दोनदा बजावले होते; मला तो विक्रीचा डाव वाटला.)

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्प्रॉकेट ५२० ची घेतली, दातांची संख्या पूर्वीचीच ठेवली. बिनरिंगच्या, म्हणजे कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा नसलेल्या चेनचे घर्षण कमी असते हे खरे, पण तिला वरचेवर तेल द्यावे लागते आणि ती लवकर झिजून लांबते, म्हणून मी इंजिनाच्या ताकदीला पुरेल अशी एक्स-रिंगची (X आकाराच्या छेदाच्या रबरी रिंगा असलेली) चेन निवडली. चेनची दोन टोके जोडणारी जोडकडी काढता येणाऱ्या क्लिपची न घेता, पिना ठोकून पक्की करायची रिव्हेटची घेतली. चाक हळूहळू फिरवून, चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथेच ढिलाई मोजली. पेट्रोलने चेन धुण्याची जुनी सवय मात्र सोडावी लागली, कारण पेट्रोलने रिंगांचे रबर खराब होते.