वजन सारखं वर-खाली होतंय? मग यावेळी ध्येय असं ठरवा

माझं वजन गेली अकरा वर्षं ७१ आणि ८६ च्या मधे झोके घेतंय. तीनदा मनासारखं उतरवलं, तिन्ही वेळा परत आलं, आणि शेवटच्या वेळी तर वर चार किलो जास्तीचे घेऊन आलं. ज्यांनी 'दोन महिन्यात दहा किलो' टाइप टार्गेट खूपदा ठेवून पाहिलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं.

आधी वजनकाटा बाजूला ठेवा आणि एक कागद घ्या. मागच्या प्रत्येक वेळी वजन परत चढायला लागलं तेव्हा घरात, कामात, तब्येतीत काय चालू होतं ते आठवून लिहा, आकडे नकोत. माझ्या कागदावर आलं: आईचं ऑपरेशन, नाइट शिफ्ट, गुडघेदुखी. माझा निर्धार कमी पडला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, पण कागदावर तसं काही नव्हतंच, दरवेळी रोजचं रुटीन मोडलं होतं आणि माझा प्लॅन एवढा कडक होता की अर्धवट करायची सोयच नव्हती, केलं तर पूर्ण नाहीतर काहीच नाही. हा कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिलं ध्येय, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. पहिले तीन महिने वजन कमी करायचंच नाही, आहे तिथे थांबवायचं. उतरवता तर आपल्याला येतंच, अनेकदा उतरवलंय, पण टिकवायचा सराव कधी केलाय का? शिवाय भराभर उतरवलं की शरीर विरोध करतं, भूक वाढते आणि बसल्याजागी खर्च होणाऱ्या कॅलरी कमी होतात. अमेरिकेतल्या वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांवर २०१६ साली अभ्यास छापून आला होता, त्यात सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. त्यांनी फारच टोकाचं केलं होतं हे खरं, पण वजन परत येणं म्हणजे आळस नाही एवढं तरी त्यातून कळतं.

स्थिर म्हणजे रोज तोच आकडा नाही हां. शरीर जे ग्लायकोजन (म्हणजे साखरेचा राखीव साठा) साठवतं त्यातल्या दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली की अजून पाणी, त्यामुळे एक-दोन किलो इकडचं तिकडे सहज होतं. आठवड्याची सरासरी काढा आणि दोन किलोचा पट्टा ठरवा, त्या पट्ट्यात असाल तर तुमचं ध्येय पूर्ण होतंय.

या तीन महिन्यात मेहनत कशावर करायची, तर शरीराला काय जमतं यावर. एक टेस्ट करून बघा. न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर क्रॉस, आणि ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. गुडघ्यात कळ आली तर लगेच थांबायचं. मला पहिल्यांदा ११ जमले आणि दहाव्या आठवड्यात १७, काटा तेव्हाही ८४ च दाखवत होता पण जिना चढून आल्यावर मी फोनवर बोलू शकत होते, त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पहिल्याच आठवड्यात तिथे उडी मारू नका, आत्ता ६० मिनिटं होत असतील तर ७५ करा. स्नायूंचे दोन दिवस मात्र सोडू नका, कारण डाएटमधे चरबीबरोबर स्नायूही जातात आणि वजन परत आलं म्हणून ते तेवढेच परत येतील असं नाही.

आता तो कागद काढा. त्यावर जे जे लिहिलंय ते परत घडणारच, म्हणून त्या आठवड्यांसाठी वेगळं, छोटं ध्येय आत्ताच लिहून ठेवा. माझं आहे दहा मिनिटं चालणं आणि खुर्चीचा एक सेट, बास. असा आठवडा आला की हाच प्लॅन, आणि तो पूर्ण केला तर आठवडा पूर्ण धरायचा, नंतर भरपाई म्हणून डबल व्यायाम करायचा नाही.

बीपी, शुगर, थायरॉइड, छातीत दुखणं असलं काही असेल तर आधी डॉक्टर. खाण्यावरचा ताबाच सुटतो किंवा मुद्दाम उपाशी राहणं होतं असं असेल तरी डॉक्टरांशी बोला आणि काटा पूर्ण बंद ठेवा. आणि कपाटातले जुन्या मापाचे कपडे नजरेआड करा, रोज सकाळी त्यांच्याकडे बघून दिवस सुरू करायची काही गरज नाही.

तीन महिने पट्ट्यात राहिलात की मग वाटलं तर उतरवायला घ्या, आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो, आणि तीन-चार किलो गेले की परत महिनाभर थांबा. थांबायची तारीख सुरू करतानाच कॅलेंडरवर लिहून टाका.