संशयित परकीय पशुरोग हाताळताना या चुका टाळा

परकीय, म्हणजे एरवी देशात न आढळणाऱ्या, आणि कायद्याने अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक असलेल्या पशुरोगांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खात्री होईपर्यंत थांबणे. ‘आधी निदान पक्के करू, मग कळवू’ हा विचार जबाबदारीचा वाटतो खरा, परंतु अशा रोगांचा नुसता संशय आला तरी तो कळवायचा असतो. शिवाय ज्या खात्रीची वाट पाहिली जाते ती गोठ्यात मिळणारच नसते. लाळ्या-खुरकूत, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस (तोंडात फोड आणणारा दुसरा एक विषाणूजन्य रोग) आणि डुकरांमधील सेनेका व्हॅली विषाणूचा संसर्ग या तिन्हींत तोंडावर आणि खुरांजवळ सारखेच फोड येतात. कितीही अनुभवी पशुवैद्यकाला ते केवळ पाहून वेगळे सांगता येत नाहीत, प्रयोगशाळेचाच निर्वाळा लागतो. ‘दोन दिवस औषध देऊन पाहू’ असे म्हणेपर्यंत दुधाची गाडी, खाद्याची गाडी आणि विकलेली जनावरे गोठ्याबाहेर गेलेली असतात.

या दिरंगाईची किंमत ब्रिटनने 2001 मध्ये मोजली. लाळ्या-खुरकूत 20 फेब्रुवारीला एसेक्समधील कत्तलखान्यातल्या डुकरांत निश्चित झाला आणि जनावरांच्या वाहतुकीवर 23 फेब्रुवारीला बंदी आली. मात्र त्याआधीच देशाच्या उत्तरेकडील एका वराहपालन केंद्रातून हा संसर्ग शेजारच्या मेंढ्यांत शिरला होता आणि त्या मेंढ्या बाजारांतून ठिकठिकाणी पोहोचल्या होत्या. मेंढ्यांत या रोगाची लक्षणे इतकी सौम्य असतात की किंचित लंगडणाऱ्या मेंढीकडे कोणी वळूनही पाहत नाही. साथ आटोक्यात येईपर्यंत 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. ‘हा रोग या प्राण्याला होतच नाही’ या समजुतीमुळे डोळ्यांसमोरचा पुरावा नजरेआड होतो. अमेरिकेतील दुभत्या गायींचे दूध अचानक घटून चिकासारखे घट्ट येऊ लागले, तेव्हा प्रथमदर्शनी त्यात पक्ष्यांच्या रोगाचे काहीच दिसत नव्हते. पण त्याच गोठ्यांवर मांजरे मरत होती आणि मेलेले रानपक्षीही सापडत होते. मार्च 2024 मध्ये त्या गायींत एच5एन1 बर्ड फ्लू निश्चित झाला. न्यूयॉर्कमध्ये 1999 साली मरणारे कावळे आणि मेंदूज्वराने आजारी माणसे या दोन निराळ्या घटना मानल्या गेल्या. माणसांतील आजाराचे निदान आधी सेंट लुईस एन्सेफलायटिस (डासांमुळे पसरणारा एक मेंदूज्वर) असे झाले, प्रत्यक्षात कावळे आणि माणसे या दोघांनाही ग्रासणारा तो वेस्ट नाईल विषाणू निघाला. एकाच जागी निरनिराळ्या जातींचे प्राणी एकाच सुमारास आजारी पडणे हा माझ्या मते कोणत्याही एका लक्षणाहून मोठा इशारा आहे. याची उलट बाजूही उपयोगी पडते: घोड्याला लाळ्या-खुरकूत होत नाही, त्यामुळे गायींबरोबर घोड्यांनाही फोड आले असतील तर व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसची शक्यता वाढते. तरीही कळवणे टळत नाही.

अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदद्वारातून न गोठलेले काळपट रक्त येत असेल, तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरावा आणि शवविच्छेदन करू नये. काळपुळीचे जिवाणू बंद शवात कुजण्याच्या प्रक्रियेत मरतात. शव उघडले की हवेच्या संपर्काने त्यांचे बीजाणू, म्हणजे टणक कवचाची सुप्त रूपे, बनतात आणि ते मातीत अनेक दशके टिकतात. कानाच्या शिरेतील थोड्या रक्ताचा काचपट्टीवरील लेप तपासणीला पुरतो.

नमुन्यांच्या बाबतीत सवय घात करते. सगळे काही फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या द्रावणात) टाकले की विषाणू मरतो आणि तो वाढवून पाहण्याचा मार्ग बंद होतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आम्लातही नष्ट होतो, म्हणून फोडावरील त्वचा उदासीन सामूच्या (ना आम्ल, ना अल्कली अशा) बफरयुक्त ग्लिसरॉलमध्ये पाठवतात. नमुना कोणी आणि कसा घ्यायचा, हे अधिकाऱ्यांना आधी विचारणेच योग्य.

संशय आल्यावर पशुवैद्यकाने तिथूनच दूरध्वनी करावा आणि सूचना मिळेपर्यंत तिथेच थांबावे. पुढच्या गोठ्यावर जाणे म्हणजे स्वतःच वाहक बनणे होय. जंतुनाशकही विषाणू पाहून निवडावे लागते. क्वाटर्नरी अमोनियमची नेहमीची द्रावणे लाळ्या-खुरकुतावर भरवशाची नाहीत, त्यासाठी 4 टक्के सोडियम कार्बोनेट किंवा 2 टक्के सायट्रिक आम्ल वापरतात. तेही बुटांवरचा चिखल आणि शेण घासून काढल्यानंतरच, कारण बूट बुडवण्यासाठी ठेवलेले जंतुनाशकाचे पाणी गढूळ झाले की ती निव्वळ शोभा असते.

दूरध्वनीवर रोगाचे नाव सांगण्याची घाई नको. कोणत्या जातीची किती जनावरे आजारी आहेत, पहिले लक्षण कधी दिसले, किती मेली, आणि गेल्या 14 दिवसांत कोणती जनावरे, वाहने व माणसे आत आली किंवा बाहेर गेली, एवढे नेमके सांगितले तरी अधिकाऱ्यांना पहिले पाऊल उचलता येते.