सुतारकामासाठी दणकट सर्क्युलर सॉ कशी निवडावी

म्हापशाच्या किंवा मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवर चालणारी करवत मागितली, की दुकानदार आधी वॅट सांगतो आणि मग किंमत. ग्राहकही या दोन आकड्यांवरच तुलना करू लागतो. प्रत्यक्षात वॅट हा शेवटी तपासायचा आकडा आहे. आपल्याकडचे सर्वांत जाड लाकूड किती इंचांचे आहे आणि ते कापताना यंत्रापर्यंत वीज कशी पोचणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे घरून निघण्यापूर्वी कागदावर लिहिली, तर निम्मी निवड तिथेच होते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : लाकडाची जाडी मोजा

पात्याचा व्यास म्हणजे कापाची खोली नव्हे. सात इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात 185 मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे पाते असते. त्याचा अर्धा भाग 92 मिलिमीटर भरतो, परंतु त्यातून पाते धरणारी चकती, गिअरचे कवच आणि खालची तळपट्टी वजा जाते, आणि सरळ कापासाठी साधारण 62 ते 66 मिलिमीटर खोली उरते. 190 मिलिमीटर पात्याच्या काही यंत्रांत ती 70 मिलिमीटरपर्यंत जाते. नऊ इंची, म्हणजे 235 मिलिमीटरच्या यंत्रात ती 85 मिलिमीटरच्या आसपास असते.

हे आकडे आपल्या कामाशी ताडून पाहावेत. दाराची चौकट बहुधा चार बाय अडीच किंवा पाच बाय तीन इंचांची असते. अडीच इंच म्हणजे 63.5 मिलिमीटर. म्हणजे 62 मिलिमीटर खोलीची करवत अडीच इंची लाकडाच्या तळाशी पातळ पापुद्रा सोडून देईल आणि 66 मिलिमीटरची करवत तेच लाकूड जेमतेम पार करील. कागदावर चार मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु ज्याला दररोज चौकटी कापायच्या आहेत त्याच्यासाठी तो संपूर्ण निवड ठरवतो. तीन इंची लाकूड, म्हणजे 76 मिलिमीटर, सात इंची यंत्राने एका फटक्यात कापलेच जाणार नाही. ते उलटून दोन बाजूंनी कापावे लागेल आणि त्यासाठी गुण्या, म्हणजे काटकोन पाहण्याचे हत्यार, लावून चारही बाजूंवर रेघ ओढावी लागेल. महिन्यातून एखाद-दुसरी चौकट असेल तर हा खटाटोप परवडतो. रोजचे काम असेल तर नऊ इंची यंत्रच घ्यावे.

मंगलोरी कौलांच्या छपराची कामे करणाऱ्यांनी आणखी एक आकडा विचारायला हवा, तो म्हणजे 45 अंशांतील कापाची खोली. पाते तिरके केले की खोली बरीच घटते. सात इंची यंत्रात ती 45 ते 50 मिलिमीटर, तर नऊ इंचीत सुमारे 60 ते 65 मिलिमीटर राहते. छप्पर चारही बाजूंनी उतरते असेल, तर कोपऱ्यातल्या वाशाला टेकणाऱ्या प्रत्येक वाशाचे टोक तिरके कापावे लागते, आणि तिथे सरळ कापाच्या खोलीवर विसंबून घेतलेले यंत्र अपुरे पडते. रिपा कापण्यासाठी मात्र कोणतेही यंत्र चालते, त्यामुळे त्यांचा विचार येथे करण्याची गरज नाही.

येथेच एका रूढ सवयीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी फरशी कापण्याच्या चार इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते बसवून सुतारकाम केले जाते. यंत्र स्वस्त आणि हलके आहे, हे खरे. परंतु ते दर मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरते, कापाची खोली जेमतेम 30 ते 34 मिलिमीटर देते, आणि लाकडाच्या करवतीला असते तसे काप संपताच आपोआप खाली येऊन पाते झाकणारे गार्ड त्याला नसते. चौकट आणि वासे यांसाठी ते पर्याय ठरूच शकत नाही. प्लायच्या पट्ट्या कापण्यासाठीही ते वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी पायरी : लाकूड कोणते आणि कसे आहे ते पाहा

गोव्यातील सुताराच्या हाती सागवान, फणस, गोव्याचा राज्यवृक्ष असलेली मत्ती आणि अधूनमधून नारळाचे खोड, असे एकमेकांपासून फार वेगळे लाकूड येते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादी पात्याची धार त्यात लवकर जाते. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग अतिशय कठीण आणि आतला गाभा मऊ असतो, तेव्हा एकाच कापात यंत्रावरचा भार बदलत राहतो. मत्ती जड आणि घट्ट आहे, ती कापताना यंत्राची खरी ताकद कळते. या सर्वांसाठी टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे दात बसवलेले पातेच वापरावे.

पावसाळ्यात मिळणारे ओलसर लाकूड ही वेगळी अडचण आहे. ओल्या किंवा आतून ताण असलेल्या लाकडात काप पुढे सरकताच मागची चीर मिटू लागते आणि पाते तिच्यात आवळले जाते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात खाली जात असल्यामुळे आवळलेले पाते संपूर्ण यंत्र उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकते. हे टाळण्यासाठी काही यंत्रांत पात्याच्या पाठीमागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी दिलेली असते. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा पातळ असावी लागते, म्हणून पाते बदलताना दोन्हींचा मेळ पाहावा. ओल्या लाकडाचे काम बरेच असेल, तर अशी पट्टी असलेल्या यंत्राला पहिली पसंती द्यावी.

पाडलेल्या जुन्या घरांचे वासे आणि तुळया पुन्हा वापरण्याची पद्धत गोव्यात आहे, आणि ते लाकूड बहुधा उत्तम मुरलेले असते. मात्र त्यात गंजलेले खिळे दडलेले असतात. कापण्यापूर्वी रेघेवरून जोरकस लोहचुंबक फिरवावे, कारण एका खिळ्यावर कार्बाइडचे दोन-चार दात सहज उडतात आणि उडालेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तिसरी पायरी : वीज आणि वायर यांचा हिशेब करा

आता वॅटकडे वळता येईल. सात इंची दणकट यंत्र 1200 ते 1400 वॅटचे, तर नऊ इंची 1750 ते 2100 वॅटचे असावे. 230 व्होल्टवर 1400 वॅटला साधारण 6 अँपिअर आणि 2000 वॅटला सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह लागतो. सुरू होतानाच्या क्षणी तो याच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे घरातल्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर हे यंत्र लावू नये, 16 अँपिअरचे सॉकेट वापरावे. जुन्या घरात यंत्र सुरू करताच एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारे बटण पडत असेल, तर हळूहळू वेग घेणारे, म्हणजे सॉफ्ट स्टार्ट असलेले यंत्र घेण्याचा विचार करावा.

बांधकामावर बोर्ड बहुधा दूर असतो आणि तिथूनच खरे नुकसान सुरू होते. समजा, 30 मीटर लांबीच्या तांब्याच्या वायरवर 9 अँपिअर प्रवाह वाहतो आहे. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेत सुमारे 4 व्होल्ट खर्च होतात, 0.75 चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे 14 व्होल्ट. पात्यावर जोर आल्यावर प्रवाह वाढतो आणि ही घटही त्याच प्रमाणात वाढते. गावातला व्होल्टेज संध्याकाळी आधीच खाली आलेला असेल, तर पात्याचा वेग पडतो, कापणारा यंत्र अधिक दाबतो, मोटर तापते, आणि अखेर दोष यंत्राला दिला जातो. दोन हजार वॅटचे यंत्र घेणाऱ्याने त्याच दिवशी 2.5 चौरस मिलिमीटरची वायरही घ्यावी. ती रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये, पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर आतून तापते. जनरेटरवर काम करायचे असल्यास त्याची क्षमता यंत्राच्या वॅटच्या किमान दुप्पट धरावी.

यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी इन्सुलेशनचे आहे आणि त्याला अर्थिंगची वायर लागत नाही. तरीही पावसाळी हवेत काम करताना 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे साधन असलेल्या बोर्डवरूनच वीज घ्यावी.

बॅटरीवरची यंत्रे वीज नसलेल्या जागी आणि छपरावर सोयीची आहेत. दिवसभर जाड लाकूड कापण्यासाठी मात्र वायरचे यंत्रच बरे.

चौथी पायरी : दुकानात यंत्र हातात घेऊन पाहा

सात इंची यंत्र चार किलोच्या आसपास, तर नऊ इंची सात-आठ किलोपर्यंत भरते. बाकावर काम करणाऱ्याला हे वजन जाणवत नाही, परंतु परांचीवर उभे राहून वाशांची टोके कापणाऱ्याला ते तासाभरात थकवते. म्हणून छपराचे काम करणाऱ्या काही जोड्या जड यंत्र खाली ठेवून वासे जमिनीवरच कापून घेतात आणि वर फक्त हलके यंत्र नेतात. माझ्या मते हीच शहाणी पद्धत आहे.

प्लग काढलेल्या स्थितीत खालचे गार्ड हाताने मागे सारून सोडावे. ते न अडखळता ताबडतोब मिटले पाहिजे. पात्याला गुण्या लावून तळपट्टीशी काटकोन जुळतो का ते पाहावे. पाते हलक्या हाताने आडवे हलवून शाफ्टमध्ये ढिलाई नाही याची खात्री करावी. तळपट्टी ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर उत्तम, कारण पातळ पोलादी पत्रा यंत्र पडल्यावर वाकतो आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजतोही. कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे, बाहेरून स्क्रू काढून बदलता येतात का, हेही विचारावे. बॉश कंपनीच्या निळ्या रंगाच्या यंत्रांची मालिका धंदेवाईक वापरासाठी आणि हिरव्या रंगाची घरगुती वापरासाठी असते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र रोजच्या कामासाठी घेऊ नये.

पाचवी पायरी : पाते वेगळे निवडा

यंत्रासोबत आलेले पाते सर्व कामांना पुरेल, असे समजू नये. लाकडाच्या रेषेच्या दिशेने उभा काप घेण्यासाठी 24 दातांचे, चौकटीच्या आडव्या कापासाठी 40 दातांचे, आणि प्लाय किंवा लॅमिनेटसाठी 60 दातांचे पाते जवळ ठेवावे. दात अधिक असले की काप स्वच्छ येतो, पण जाड लाकडात भुसा बाहेर पडायला जागा उरत नाही आणि लाकूड जळते. पात्याच्या मधल्या भोकाचा व्यास, म्हणजे 20, 25.4 किंवा 30 मिलिमीटर, यंत्राशी तंतोतंत जुळावा. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या रिकाम्या, म्हणजे काहीही न कापतानाच्या वेगापेक्षा जास्त असावी, कमी कधीही नसावी. पुढच्या बाजूचे दात खालून वर कापतात, त्यामुळे लॅमिनेटची चांगली बाजू खाली ठेवावी.

लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरले आहे. म्हणून भुसा बाहेर नेणारी नळी व्हॅक्यूमला जोडता येते का ते पाहावे आणि पात्यासोबत चांगला मास्कही घ्यावा.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : या मॉडेलचे कार्बन ब्रश, गार्डची स्प्रिंग आणि स्विच गोव्यातच मिळतात का, आणि दुरुस्तीसाठी यंत्र राज्याबाहेर पाठवावे लागते का. उत्तर टाळाटाळीचे असेल, तर थोडे महाग पण सुटे भाग सहज मिळणारे मॉडेल घ्यावे. बिलावर मॉडेल क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि कार्बन ब्रशचा एक जादा जोड त्याच बिलात विकत घ्यावा.