ओंडक्यापासून फळीपर्यंत: सोलापूरच्या हवेत शेतातलं लाकूड कसं चिरून घ्यावं आणि कसं वाळवावं

सोलापुरात लाकूड वाळवणं अवघड नाही, सावकाश वाळवणं अवघड आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. अशा हवेत ओल्या फळीचा वरचा थर दोन-चार दिवसांतच वाळतो आणि आकसायला लागतो, पण आतलं लाकूड अजून पाण्यानं गच्च असतं, ते जागा देत नाही. मग फळी तडकते.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या शेतात वळवाच्या वाऱ्यानं बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली. आम्ही ती लगेच चिरून आणली आणि वैशाखात फळ्या गच्चीवर उन्हात पसरल्या. पंधरा दिवसांत एकूण एक फळीला टोकाकडून हातभर चिरा गेल्या. आजोबांना सावली देणारं झाड सरपणात गेलं, त्याची हळहळ अजून आहे. पुढे कडुनिंबाचे आणि बाभळीचे ओंडके धीरानं चिरून घेतले आणि त्यांच्या फळ्या सरळ राहिल्या. त्या वेळी जे केलं ते पायरीपायरीनं सांगतो.

आधी परवानगी

झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी हे काम आधी करा. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती तोडण्यापूर्वी वनविभागाची परवानगी लागते. शहराच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रांसाठीचा वृक्ष कायदा लागू होतो, तिथे महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. झाड वाऱ्यानं पडलेलं असलं तरी फोटो काढून ठेवा, सातबाऱ्याचा उतारा जवळ ठेवा आणि ओंडके ट्रॅक्टरवर चढवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन त्या जातीला वाहतूक पास लागतो का ते विचारून घ्या. परवाना असलेली आरागिरणी लाकूड कुठलं, हे विचारतेच.

कोणतं लाकूड कशाला

बाभूळ जड आणि चिवट असते. कुळव, नांगर, बैलगाडीची चाकं तिचीच करायचे ते उगाच नाही. बाक, पायऱ्या, टेबलाचे पाय यांना ती उत्तम. आमच्याकडे ज्याला नुसतं 'लिंब' म्हणतात तो कडुनिंब महोगनीच्याच कुळातला आहे. त्याचा लालसर गाभा नीट वाळला की रंद्याखाली छान उतरतो आणि किडीला दाद देत नाही. कपाट-पेटीला मी तोच निवडेन. चिंचेचा गाभा काळपट आणि दगडासारखा, पण झाड मोठं असूनही गाभा थोडाच निघतो. बाकीचं पांढरं लाकूड किडा पोखरतो. आंबा तोडला की आठवड्यात चिरायला हवा, नाहीतर त्याला बुरशीचे काळे-निळे डाग पडतात.

तोडणीची वेळ आणि टोकं बंद करणं

तोडणी आपल्या हातात असेल तर दिवाळीनंतर करा. थंडीत हवा सौम्य असते, किडीचा जोर कमी असतो आणि उन्हाळा यायच्या आत फळ्यांचा पहिला, सगळ्यात नाजूक काळ पार पडतो.

ओंडका कापला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट, वितळवलेलं मेण किंवा डांबर लावा. लाकडातलं पाणी उभ्या नळ्यांमधून चालतं, त्यामुळे टोकातून ते बाजूंपेक्षा कितीतरी पटीनं वेगात उडतं. टोकांच्या चिरा तिथूनच सुरू होतात. हातात काहीच नसेल तर शेण आणि माती कालवून जाड लिंपण करा, तेही उपयोगी पडतं. प्रत्येक ओंडका हव्या त्या लांबीपेक्षा अर्धा फूट जास्त ठेवा.

गिरणीत नंबर लागायला वेळ असेल तर ओंडके सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात टाकून ठेवायची जुनी पद्धत खरोखर उपयोगाची आहे. पाण्यात राहिल्यानं लाकडातलं पिष्ट कमी होतं आणि पीठ पाडणाऱ्या किड्याचं खाद्यच जातं. ओंडका पूर्ण बुडाला पाहिजे, अर्धा वर राहिला तर तिथे कुजतो. कागद अंथरलेल्या शेततळ्यात मात्र टाकू नका, कागद फाटेल.

आरागिरणीत

जाण्याआधी ओंडक्याचं माप स्वतः घ्या. गिरणीत गोलाईचा हिशोब चालतो: मध्यभागी दोरीनं घेर इंचात मोजायचा, त्याला चारनं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला फुटातल्या लांबीनं गुणायचं आणि 144 नं भागायचं. घेर 48 इंच आणि लांबी 8 फूट असेल तर 12 गुणिले 12 गुणिले 8 भागिले 144, म्हणजे 8 घनफूट. या पद्धतीत खऱ्या घनफळापेक्षा सुमारे एकवीस टक्के कमी भरतं. ही सूट साल आणि भुसा यांच्यापोटी धरलेली असते. चिराईचा दर ओंडक्याच्या मापावर आहे की निघालेल्या फळ्यांच्या मापावर, ते आधीच ठरवून घ्या.

बांधावरच्या झाडात खिळे आणि कुंपणाची तार हमखास असते, वर्षानुवर्षांच्या वाढीत ती आत गिळली जाते. सालीवर फुगवटा किंवा निळा-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड समजा आणि गिरणीवाल्याला आधी सांगा. पातं तुटलं तर खर्च तुमच्याकडेच मागितला जाईल, आणि तुटलेलं पातं माणसाला लागू शकतं.

शक्य असेल तर पट्टीच्या पात्याची, म्हणजे बँडसॉ असलेली गिरणी निवडा. तिची कापाची रुंदी दोन-तीन मिलिमीटर असते, गोल पात्याची त्याच्या दुप्पट. दहा काप घेतले तर गोल पात्यात जवळपास एक फळी जास्तीची भुशात जाते.

चिरताना तुम्ही तिथे उभं राहिलं पाहिजे. एक इंचाची तयार फळी हवी असेल तर सव्वा इंच चिरा, कारण आकसणं आणि रंदा मिळून पाव इंच जातो. लाकूड ओंडक्याच्या टोकावर दिसणाऱ्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं आकसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. फळीला बाक येतो तो या फरकामुळे. टेबलाच्या वरच्या भागासाठी ज्या फळीच्या टोकावर वर्तुळाच्या रेषा उभ्या दिसतात ती घ्या, ती सपाट राहते. अशा फळ्या कमी निघतात आणि ओंडका फिरवत बसावं लागतं, म्हणून गिरणीत कंटाळा केला जातो. आग्रह धरा. ओंडक्याचा अगदी मधला बिंदू फळीत येऊ देऊ नका. तो असलेली फळी फाटतेच. तो भाग चौकोनी खांबाला किंवा सरपणाला काढा.

थप्पी: खरं काम इथे आहे

फळ्या घरी आल्या की त्याच दिवशी रचा. उन्हात नको, वारा खेळेल अशा सावलीत. सिमेंटच्या विटांवर जमिनीपासून दीड फूट उंच पाया करा आणि तो पाणसळीनं सपाट करा. पाया वाकडा असेल तर फळी तशीच वाकडी वाळते. फळ्यांच्या दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या, कोरड्या लाकडाच्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर ठेवा. ओल्या पट्ट्यांचे डाग पडतात. प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. शेवटच्या पट्ट्या फळीच्या टोकाशी सपाट लावा. वर पत्रा आणि पत्र्यावर वजन. आपल्याकडे शहाबादी फरशी स्वस्त मिळते, तिचे तुकडे चांगले बसतात.

आता सोलापूरसाठीची खास गोष्ट. पहिले सहा आठवडे थप्पीच्या बाजूंना गोणपाट किंवा डाळिंबाच्या बागेची हिरवी शेडनेट बांधा, आणि उन्हाळा असेल तर पश्चिमेची बाजू दुहेरी झाका. हवा आत फिरली पाहिजे, पण झोत लागता कामा नये. टोकांना पुन्हा एक हात रंग द्या. रोज फिरून बघा: पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या तर गोणपाट ओलं करून टांगा, पाणी फळ्यांवर न मारता. त्यानंतर आच्छादन थोडं थोडं कमी करा.

पांढऱ्या लाकडाला किडा लागू नये म्हणून फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड दीड भागास एक भाग घेऊन पाण्यात विरघळवून ब्रशनं लावा. हातमोजे घाला आणि जनावरांच्या गव्हाणीच्या कामाला हे लाकूड वापरू नका.

किती वाळलं ते वजनावर कळतं

ओलावा म्हणजे लाकडातल्या पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, गुणिले शंभर. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक इंच रुंद काप काढा आणि लगेच वजन करा. मग तो 103 अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओला काप 150 ग्रॅम आणि सुका 120 ग्रॅम आला तर ओलावा 25 टक्के. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसायला लागतं, म्हणून तिथून पुढे लक्ष दुप्पट हवं. मॉइश्चर मीटर असेल तर सोपं पडतं, पण काप एकदा तरी करून मीटर पडताळा.

भट्टी

थप्पीतला ओलावा 20–25 टक्क्यांवर आला की भट्टीचा, म्हणजे उष्णता आणि दमटपणा हवा तसा ठेवून लाकूड वाळवणाऱ्या बंद खोलीचा विचार करा. ती हवीच का? आपल्या हवेत मे महिन्यात फळी अगदी सुकी होते आणि श्रावणात परत ओलावा ओढून फुगते. भट्टीत ती नेमक्या मापावर, 10–12 टक्क्यांवर आणता येते आणि आतली कीड उष्णतेनं मरते. बाकाला किंवा दाराच्या चौकटीला थप्पीवरची फळी चालेल, पण कपाट-खणांसाठी भट्टीच घ्या.

भट्टीवाल्याला तीन गोष्टी विचारा. एका वेळेला एकाच जातीचं, एकाच जाडीचं लाकूड भरता का? सुरुवात किती तापमानाला करता? बाभळीसारख्या घट्ट लाकडाला चाळीस अंशांच्या आसपास आणि भरपूर दमटपणात सुरुवात व्हायला हवी, एकदम साठवर नेलं तर वरून कवच बनतं. शेवटी वाफ देता का? ही वाफ आतला ताण सोडवते. निर्यातीच्या पेट्यांसाठी लाकूड फक्त किडीसाठी तापवतात, गाभा 56 अंशांवर अर्धा तास, आणि तसा शिक्का मारतात. त्या शिक्क्याचा अर्थ लाकूड वाळलं असा होत नाही.

परत मिळालेल्या एका फळीचा आडवा काप घ्या, पाऊण इंच जाडीचा. त्यातला मधला भाग करवतीनं काढून काट्यासारखा आकार करा. दोन्ही दांडे सरळ राहिले तर फळी निवांत आहे. ते आत वळले तर ताण शिल्लक आहे, अशी फळी चिरताना पात्याला चिमटते. ती परत वाफेला पाठवा.

पावसाळ्यात नेआण करताना प्लॅस्टिकनं गुंडाळा. घरी ज्या खोलीत वस्तू ठेवायची तिथेच पट्ट्या घालून पंधरा दिवस थप्पी लावा, मग सुतारकाकांना बोलवा.