कॅमकॉर्डर घ्यायला निघालात? पर्समध्ये इअरफोन टाका

नाशिकच्या एम.जी. रोडला कॅमकॉर्डर बघायला जाताना दोन गोष्टी बरोबर न्या: वायरचा साधा इअरफोन आणि अडॅप्टरसकट आपलं स्वतःचं मायक्रो एसडी कार्ड. दुकानदार झूम दाखवेल, स्क्रीन उघडून फिरवून दाखवेल, मेगापिक्सेलचे आकडे सांगेल. ते ऐकून घ्या आणि एकच विचारा, "बाहेरचा माइक लावायला जॅक आहे का?"

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचं चित्रीकरण मी करते. घरातली बारशी-मुंजी, भाचरांची गॅदरिंगं, कामदा एकादशीचा रथोत्सव, हेही माझ्याच गळ्यात असतं. त्यामुळे माझं मत भजनाच्या बाजूने झुकलेलं आहे, हे आधीच सांगते. फुल एचडी चित्र आजकाल कुठलाही बरा कॅमेरा देतो. घरचे व्हिडिओ बिघडतात ते आवाजापायी. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१३ साली त्यांचं मुकं चित्र लोकांनी डोक्यावर घेतलं, पण आमच्या मंडळाचं मुकं भजन कोण बघणार?

"मोबाईल असताना हे खूळ कशाला?" असं घरचे विचारतीलच. दहा मिनिटांच्या वाढदिवसाला मोबाईल पुरतो. दोन तासांचं कीर्तन असेल तर तो तापतो, मध्येच फोन येतो, आणि शेवटच्या रांगेतून बुवांचा चेहरा जवळ आणायला गेलात की चित्राची रांगोळी होते. कालिदास कलामंदिरात मागच्या खुर्चीत बसून स्टेजवरची नात टिपायची तर ऑप्टिकल झूमच हवा, म्हणजे भिंगं सरकवून जवळ आणणारा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला डिजिटल झूम हिशेबात धरू नका, त्यात आहे तेच चित्र ताणलेलं असतं.

आता मॉडेलं. सोनीचा सीएक्स४०५ हलका आहे, ३० पट ऑप्टिकल झूम आहे, हातात छान बसतो. पण त्याला माइकचा जॅक नाही, सेन्सर, म्हणजे भिंगामागचा चित्र टिपणारा तुकडा, १/५.८ इंचाचा, अगदी लहान, आणि बॅटरी पोटात बसते, त्यामुळे मोठी बॅटरी लावायची सोय नाही. उन्हातल्या सहलीला उत्तम, संध्याकाळच्या मांडवात मात्र चित्रावर दाणे येतात. पॅनासॉनिकच्या व्ही७८५ चा झूम कमी, २० पट, पण सेन्सर त्याहून मोठा, १/२.३ इंचाचा, आणि माइकचा जॅक आहे. मला विचाराल तर दुसरा. फोर-केच्या मागे लागू नका. घरचा कॉम्प्युटर दमतो आणि मंडळातल्या बायकांच्या टीव्हीवर फरक कळतही नाही.

नणंदेचा मुलगा अमेरिकेतून कॅमेरा आणतो म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तिकडचे कॅमेरे सेकंदाला ६० किंवा ३० च्या हिशेबाने चित्रं घेतात, आणि बऱ्याच मॉडेलांच्या मेनूत ते बदलता येत नाही. मग आपल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायला लागतं. घरी असा कॅमेरा आलाच असेल आणि त्यात शटरचा वेग हाताने लावता येत असेल, तर तो १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा.

दुकानात आपलं कार्ड घालून दारातून रस्त्याचं दोन मिनिटं रेकॉर्डिंग करा. चालत करा, झूम पुढे-मागे करा, मग आत वळून दुकानदाराला बोलतं करा. कॅमेऱ्याला हेडफोनची जागा असेल तर इअरफोन लावून तिथेच ऐका. नंतर घरी टीव्हीवर ऐका. झूमच्या मोटरची घरघर येते का? रिक्षाच्या हॉर्नपुढे माणसाचा आवाज दबतो का? हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

जुना घेत असाल तर लेन्सवर झाकण ठेवून अंधारात मिनिटभर रेकॉर्ड करा, पांढरे-लाल ठिपके दिसले तर सेन्सरचे पॉइंट गेलेत. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये जाळं दिसतंय का पाहा, पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशी धरते. माइकची पिन जॅकमध्ये घालून हलवा, खरखर आली तर चहा पिऊन घरी या.

माइकच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, ती दुकानातही फारसं कुणी सांगत नाही. कॉलरला लावायचे स्वस्त माइक बहुतेक मोबाईलसाठी असतात. त्यांच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. तीन रेघांचा माइक लावलात तर आवाज येतच नाही किंवा अगदी क्षीण येतो, आणि दोष कॅमेऱ्याला जातो. पिन डोळ्यांजवळ धरून रेघा मोजा.

भजनाला मी माइक गाणाऱ्यांसमोर ठेवते, पेटीपासून हातभर लांब आणि टाळांपासून शक्य तेवढा दूर. टाळ सगळं खाऊन टाकतात. कॅमेऱ्यात माइकची पातळी हाताने लावता येत असेल तर ऑटो बंद करा. ऑटोमध्ये पखवाजाची थाप पडली की कॅमेरा घाबरून आवाज खाली ओढतो आणि गाणारीचा पुढचा शब्द गिळतो. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरदार थापेलाही लाल पट्टी लागणार नाही. मांडववाल्याच्या मिक्सरमधून निघणारी वायर सरळ कॅमेऱ्याच्या माइक-जॅकला लावू नका. तो सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरदार असतो, आवाज फाटतो. त्यापेक्षा एक मोबाईल रेकॉर्डिंग सुरू करून पेटीजवळ ठेवून द्या आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, तिचा उपयोग पुढे सांगते. गोदाघाटावर वारा असतो, तिथे माइकला केसाळ टोपी हवीच.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५०पी किंवा २५पी (सेकंदाला तेवढी पूर्ण चित्रं) मिळत असेल तर ५०आय (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) घेऊ नका. ५०आयमध्ये हलत्या हाताच्या कडांना कॉम्प्युटरवर कंगव्यासारखे दात दिसतात. एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंगच्या प्रकारात ५०पीला सेकंदाला २८ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला साधारण साडेबारा जीबी. सोनीच्या एक्सएव्हीसी एस या प्रकाराला ५० मेगाबिट, तासाला साडेबावीस. ६४ जीबीचं कार्ड पहिल्याला साडेचार तासांच्या वर पुरतं, दुसऱ्याला अडीच-पावणेतीन.

घरी आल्यावर कार्डातल्या एकेक फाइली वेचू नका, आख्खं फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर टाका. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा आपोआप तुकडे करतो आणि त्यांचा हिशेब त्याच फोल्डरात ठेवतो. फोल्डरला तारीख आणि प्रसंगाचं नाव द्या. मग एडिटिंग संपेपर्यंत ते हलवायचं नाही, नाव बदलायचं नाही.

एडिटिंगला मी शॉटकट हे सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइली कुरकुर न करता उघडतं. कॉम्प्युटर जुना असेल तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा. काम हलक्या प्रतीवर होतं, शेवटी फाइल मूळ चित्रातूनच निघते.

माझी पद्धत अशी. शॉटकटमध्ये चित्र-आवाजाचे तुकडे एकावर एक अशा आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, मांडतात. खालच्या ट्रॅकवर आख्खा अभंग न कापता घालायचा. मोबाईलवरचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घेऊन 'अलाइन टू रेफरन्स ट्रॅक' करायचं, शॉटकट दोन्ही आवाज जुळवून देतं. नाही जुळले तर ती टाळी शोधायची. आवाजाच्या आलेखात तिचा टोकदार सुळका उठून दिसतो, दोन्ही सुळके एकाखाली एक आणले की झालं. मग कॅमेऱ्याचा आवाज म्यूट. आता वरच्या ट्रॅकवर तोडलेली चित्रं: पेटीवरची बोटं, टाळ, डोळे मिटून डोलणाऱ्या आजी. खाली आवाज सलग वाहतो, त्यामुळे वर कितीही कापलं तरी अभंग तुटत नाही. कॅमेरा हलला, कुणी समोरून गेलं, तेही याच चित्रांखाली झाकतं. म्हणून रेकॉर्डिंग करतानाच अशी आठ-दहा सेकंदांची चित्रं वेगळी घेऊन ठेवा.

कापायला 'एस', तुकडा काढून फट बुजवायला 'एक्स'. एवढ्या दोन कळांवर निम्मं काम होतं.

रथोत्सवाला उलटं करते. तिथे सलग आवाज म्हणजे नुसता गोंगाट. रथाकडे तोंड करून, हात जोडून उलटं चालणारे पुजारी बुवा हे माझं मुख्य चित्र. ते मी पंधरा-वीस सेकंद कापत नाही, त्यांची पावलंच बघू देते. बाकी दोर ओढणारे हात, गर्दी, गरुडरथ हे तीन-चार सेकंदांचे तुकडे. एकावरून दुसऱ्यावर जाताना फुलं उधळणारे, पानं उलटणारे इफेक्ट घालू नका. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी ते पुरेसे घालून ठेवलेत.

मराठी नावं टाकताना युनिकोड फॉन्ट घ्या, मुक्ता किंवा बलू चांगले दिसतात. काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटतं. तसं झालं तर नावाची पारदर्शक पीएनजी दुसरीकडे बनवून वरच्या ट्रॅकवर ठेवा.

शॉटकटमधून फाइल काढताना यूट्यूबचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, पुरे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर चित्र चुरगाळतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. टीव्हीसाठीचा पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट केलात तर बसते, पण काही जुने टीव्ही ती वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मी एकेक अभंग वेगळ्या फाइलमध्ये काढते.

आणि कार्ड पुसायची घाई नको. आख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर, अशा दोन्ही जागी उघडून बघायचं, मगच कार्ड परत कॅमेऱ्यात घालून तिथल्याच मेनूतून फॉरमॅट करायचं.