डिस्कचा जाम झालेला, घासलेला स्क्रू कसा काढायचा

ब्रेक डिस्क बदलायला घेतली, चाक काढलं, कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) बाजूला बांधून ठेवला आणि आता डिस्कवरचा तो एक छोटासा स्क्रू हलेना, हे ज्याने स्वतः गाडीचं काम केलंय त्याला माहितीये. माझ्याकडून पहिल्या वेळी त्या स्क्रूचं डोकं पार गुळगुळीत झालं होतं आणि ते दहा सेकंदांत झालं, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो की ड्रायव्हर एकदा जरी खाचेतून सटकला तर तिथेच थांबा. "अजून एकदा बघू" म्हणून जोर लावला की प्रत्येक वेळी खाचेच्या कडा थोड्या थोड्या उडत जातात आणि मग सोपं काम अवघड होऊन बसतं.

थांबलात की खाच साफ करा. त्यात गंज आणि ब्रेकची काळी धूळ घट्ट बसलेली असते, त्यामुळे बिट पूर्ण आत जातच नाही. टोकदार सुईने किंवा पोकरने खरवडून काढा, वायर ब्रश मारा. मग बिट बघा. आपण ज्याला सरसकट स्टार म्हणतो त्यात पीएच २ आणि पीएच ३ (पीएच म्हणजे फिलिप्स) असे साईज असतात, डिस्कच्या स्क्रूला बऱ्याचदा पीएच ३ लागतो आणि लोक हाताशी असतो म्हणून पीएच २ लावतात, तो आत डगडगतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी गाड्यांमधे बऱ्याचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची खाच असते, दिसायला स्टारसारखीच पण आकार थोडा वेगळा, डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला तर जेआयएस बिटच घ्या.

आता पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारं पातळ तेल मारा आणि खरंच वाट बघा, निदान पंधरा-वीस मिनिटं, रात्रभर ठेवता आलं तर फारच छान. डिस्क पुन्हा वापरणार असाल तर घासल्या जाणाऱ्या भागावर तेल उडू देऊ नका, उडालंच तर शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडला तर अजिबात लागू देऊ नका. मधे मधे स्क्रूच्या डोक्यावर बिट ठेवून हातोडीचे चार-पाच सरळ ठोके द्या, गंजाची पकड त्या धक्क्याने तुटते आणि तेल आट्यांपर्यंत उतरतं.

मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीने ठोकायचा तो, बॅटरीवाला नाही. ठोका बसला की तो बिटला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो, त्यामुळे बिट बाहेर सटकायला जागाच मिळत नाही. आधी दिशा डावीकडे, म्हणजे सोडायच्या बाजूला आहे का ते बघा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला स्क्रू अजून आवळत जाल. बॉडी हाताने डावीकडे पिळून धरायची आणि जड हातोडीचा एकच दणका घालायचा, हळूहळू टकटक केलेलं चालत नाही. माझे आत्तापर्यंतचे बहुतेक स्क्रू इथेच सुटलेत, तो सुटताना "टक्" असा आवाज येतो आणि हाताला लगेच कळतं. गॉगल मात्र घालाच, बिटचा तुकडा उडू शकतो.

खाच अर्धवट घासली असेल तर बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून बघा, त्यातल्या खरखरीत कणांमुळे पकड बरीच वाढते. ॲलन स्क्रूची (षटकोनी खाचेच्या स्क्रूची) खाच गोल झाली असेल तर किंचित मोठा टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांचा बिट ठोकून बसवायचा, ६ मिमीच्या ॲलनला साधारण टी४० बसतो. डोकं वर आलेलं असेल तर सरळ व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) पकडा किंवा हॅकसॉने नवी खाच पाडा.

ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधे स्टीलचा स्क्रू अडकला असेल तर गरम करणं फार उपयोगी पडतं, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हीट गन स्क्रूवर नाही तर आजूबाजूच्या धातूवर धरा. आट्यांना लाल लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) असेल तेव्हाही उष्णताच लागते, साधारण २५० डिग्रीला ते मऊ होतं. पण रबर सील, पेट्रोलची लाइन जवळ असेल तर नको, आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर अजिबात नको, क्लोरीनवाल्या क्लीनरमधून गरम झाल्यावर विषारी वायू निघतो.

यातलं काहीच चाललं नाही तर ड्रिल. बरोबर मधोमध सेंटर पंच मारा, आधी ३ मिमीचं भोक आणि मग स्क्रूच्या आट्यांइतका ड्रिल बिट, म्हणजे एम६ (६ मिमी आट्यांच्या) स्क्रूला ६ मिमी. मिळाला तर डाव्या हाताचा, म्हणजे उलटा फिरून कापणारा ड्रिल बिट घ्या, कधीकधी ड्रिल करता करताच स्क्रू बाहेर येतो. डोकं सुटलं की डिस्क निघते आणि उरलेल्या दांड्यावर ताणच राहत नाही, त्यामुळे तो व्हाइस ग्रिपने बऱ्याचदा सहज फिरतो. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे भोकात उलटा पिळून स्क्रू बाहेर काढायचं हत्यार, मी अगदी शेवटी वापरतो, तो कडक पण ठिसूळ असतो आणि आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला कापत नाही.

डिस्कचा हा स्क्रू फक्त चाक बसेपर्यंत डिस्क जागेवर धरतो, खरी पकड चाकाच्या नट-बोल्टची असते, त्यामुळे डोकं उडवायला घाबरू नका. नवीन स्क्रू घ्या, आट्यांना थोडं कॉपर अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा आणि हाताने आवळा, दांडा लावून जोर नको.